बाक हलवायला सांगितल्याबद्दल माझ्यावर सनदेचे कलम सतरा लागू करण्याबाबत

प्रति,
मा. नगरसचिव,
नगर परिषद कार्यालय, पहिला मजला,
हॅझलब्रुक, न्यू जर्सी.

विषय: परिषद सदस्य श्रीमती नीलांबरी सरपोतदार यांच्याविरुद्ध त्यांचीच तक्रार दाखल करून घेण्याबाबत.

संदर्भ: माझे इंग्रजीतील अर्ज, दि. ३१ मार्च, १४ एप्रिल व १९ मे २०२५. तिन्ही परत आले आहेत.

महोदया,

१. मिल पाँड पार्कच्या पूर्वेकडील वाटेवर सिमेंटचा एक रिकामा चौथरा आहे. त्यात चार छिद्रे आहेत, प्रत्येकी तेरा मिलिमीटर व्यासाची. तीन मातीने भरली आहेत. चौथ्यात मुंग्यांची ये-जा आहे. त्या छिद्रांपासून बाकाच्या सध्याच्या जागेपर्यंतचे अंतर मी स्टीलच्या टेपने तीन वेळा मोजले. सरासरी सहा मीटर बेचाळीस सेंटिमीटर येते. हे बाक हलवायला मी सांगितले. सांगण्याचा मला अधिकार नव्हता.

२. मी एकसष्ट वर्षांची असून या गावात एकवीस वर्षे राहते. शिक्षण रसायनशास्त्रात झाले. पिण्याच्या पाण्याची तपासणी करणाऱ्या एका खासगी प्रयोगशाळेतून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. जानेवारी २०२२ पासून परिषदेच्या सात सदस्यांपैकी एक आहे. पदग्रहणाच्या दिवशी आपणच मला गावाच्या सनदेची, म्हणजे कारभाराच्या मूळ नियमांची, निळ्या पुठ्ठ्याची प्रत दिली होती आणि "वाचा हं, कुणी वाचत नाही," असे म्हणाल्या होतात. मी त्याच आठवड्यात वाचली. त्यामुळे नियम माहीत नव्हता, असे मला म्हणता येत नाही.

३. हा अर्ज मराठीत आहे. रहिवाशाने घरच्या भाषेत अर्ज केल्यास गावाने त्याचे भाषांतर करून घ्यावे, ही तरतूद २०२२ साली माझ्याच ठरावाने झाली. ती पहिल्यांदा मीच, आणि अशा कामासाठी वापरीन, असे वाटले नव्हते. कारण एवढेच, की इंग्रजीत मी आयुष्यभर पाण्याचे अहवाल लिहिले आहेत. परत आलेले तिन्ही अर्ज पुन्हा वाचले, तेव्हा लक्षात आले की त्यांत बाक हलते, पाण्याची वाहिनी फुटते, एका माणसावर कारवाई होते, आणि मी कुठेच दिसत नाही. मराठीत मला तसे लिहिता येत नाही.

या कार्यालयाच्या यादीत मराठीचे भाषांतरकार एकच आहेत, श्री. एकनाथ पेंडसे. म्हणजे आमचे एकनाथकाका. ते १९७१ साली इंजिनिअर म्हणून या देशात आले. या गावातले ते पहिले मराठी माणूस. हा अर्ज आपल्याआधी ते वाचतील, हे मला ठाऊक आहे. त्यांच्याविषयी पुढे जे लिहिले आहे, ते त्यांनी वगळू नये, ही विनंती.

४. एप्रिल ते ऑक्टोबर गावात पुण्याहून, मुंबईहून, नागपूरहून पुष्कळांचे आईवडील येतात. मुले कामावर गेली की ही मंडळी मिल पाँड पार्कात चालायला जातात. पूर्वेकडचे बाक सकाळी नऊनंतर पूर्ण उन्हात असे. दि. २३ एप्रिल २०२४ रोजी एकनाथकाकांचा मला फोन आला. "नीला, काउन्सिलवर आहेस ना आता? मग एक बाक तेवढं सावलीत घे की. वैदेहीच्या सासूबाईंना काल चक्कर आली तिथे." मी म्हटले, "काका, त्याची प्रोसेस असते." ते म्हणाले, "प्रोसेस होईपर्यंत त्यांचं परतीचं तिकीट येईल."

योग्य मार्ग असा होता, की मी नगर व्यवस्थापकांना लिहायचे. ते पार्क विभागाकडे काम नोंदवतात. काम नोंदले की जमिनीखालच्या वाहिन्या कुठून जातात ते रंगाने आखून घेतले जाते. मग खणतात. याला तीन-चार आठवडे लागतात. मी त्या वेळी या सगळ्याकडे निव्वळ कागदपत्र म्हणून पाहिले.

मी पार्क विभागाच्या तुकडीचे प्रमुख श्री. मार्लन पिकेट यांना थेट फोन केला. त्यांचा नंबर माझ्याकडे होता, कारण जानेवारीत बर्फ काढणाऱ्या लोकांना मी दर संक्रांतीला तिळाच्या वड्या नेऊन देते. पहिल्या वर्षी पिकेट यांनी त्या ग्रॅनोला बार, म्हणजे इकडच्या ओटच्या वड्या, समजून सकाळच्या पाळीत एकट्याने अर्धा डबा संपवला होता. तेव्हापासून ते मला "मिस नीला" म्हणतात. मी त्यांना म्हटले, "मार्लन, म्हातारी माणसं उन्हात बसतात. ते पूर्वेचं बाक झाडाखाली घेता आलं तर बरं होईल. घाई नाही. बघा, जमलं तर." ते म्हणाले, "तुमच्यासाठी? गुरुवारी करून टाकतो, मिस नीला."

५. "बघा, जमलं तर" या शब्दांमागे मी पुढे अकरा महिने उभी राहिले. आमच्यात असे बोलणे ही रीत आहे. आज्ञा करायची नाही, समोरच्याला नाही म्हणायला जागा ठेवायची. मी आज्ञा केलीच नाही, नुसते सुचवले, असे मी स्वतःला सांगत होते. पण ज्या माणसाच्या खात्याच्या खर्चाला मंजुरी देताना माझे मत पडते, त्याला माझ्या वाक्यात नाही म्हणायला किती जागा होती, हे मी तपासले नाही. सनद लिहिणाऱ्यांनी ते तपासले होते. कलम सतरा असे आहे: परिषदेच्या सदस्याने नगर व्यवस्थापकाला वगळून गावाच्या कोणत्याही कर्मचाऱ्याला प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे कामाची सूचना देऊ नये, दिल्याचे सिद्ध झाल्यास त्याचे सदस्यत्व रद्द होईल, आणि अशा सूचनेवरून काम करणाऱ्या कर्मचाऱ्यावर त्या कामासाठी कारवाई होणार नाही.

"अप्रत्यक्षपणे" हा शब्द माझ्यासारख्यांसाठीच तेथे आहे.

६. गुरुवारी, दि. २५ एप्रिल २०२४ रोजी, सकाळी दहा वाजून पन्नास मिनिटांनी बाकाच्या नव्या चौथऱ्यासाठी खड्डा घेताना यंत्राचे पाते पाण्याच्या वाहिनीत घुसले. काम नोंदलेले नव्हते, म्हणून आखणी झालेली नव्हती. आखणी नव्हती, म्हणून वाहिनी कुठे आहे ते पिकेट यांना माहीत नव्हते. सहाशे चाळीस घरांना दोन दिवस पाणी उकळून प्यावे लागले. कोणी आजारी पडले नाही. कलम सतरा सदस्यांच्या मानापमानासाठी नसून जमिनीखाली काय आहे हे कोणालातरी आधी विचारले जावे यासाठी आहे, हे मला त्या दिवशी समजले. समजूनही मी काही केले नाही.

७. दि. ९ मे २०२४ च्या सभेत नगर व्यवस्थापकांनी पिकेट यांना उभे करून विचारले, "हे काम कोणी सांगितलं?" मी त्यांच्यापासून चार मीटरवर बसले होते. पिकेट म्हणाले, "कोणी नाही, सर. मला वाटलं, म्हातारी माणसं उन्हात बसतात, तिकडे बरं होईल." हे वाक्य माझे होते. त्यांनी ते स्वतःचे म्हणून सांगितले. त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही.

त्यानंतर मी बोलले. मी विचारले, की दुरुस्तीनंतर पाण्यातल्या उरलेल्या क्लोरीनची मोजणी किती ठिकाणी आणि किती तासांच्या अंतराने केली. प्रश्न योग्य होता. त्याचे उत्तर मला हवे होते, हेही खरे. परंतु मी तो त्या क्षणी विचारला, कारण खोलीत शांतता पसरली होती आणि ती शांतता माझ्यापर्यंत येत होती. सभेच्या इतिवृत्तात नोंद आहे: "सदस्य सरपोतदार यांनी उपयुक्त तांत्रिक प्रश्न उपस्थित केला." ही नोंद आपण स्वतः लिहिलेली आहे. ती आपण सद्भावनेने लिहिली. मला ती आजवर पुन्हा वाचता आलेली नाही. प्रत जोडताना पान उलटे ठेवून जोडले आहे.

७-अ. हा परिच्छेद मी पहिल्या तीन अर्जांत लिहिला नव्हता. दि. १३ जून २०२४ रोजी नगर व्यवस्थापकांचा चौकशी अहवाल मंजुरीसाठी आला. त्यात लिहिले होते, की श्री. पिकेट यांनी "स्वतःच्या मर्जीने, कोणत्याही सूचनेविना" काम केले, म्हणून त्यांना तुकडीप्रमुख पदावरून काढून हंगामी कामगार करण्यात यावे. आपण एकेक नाव पुकारले. माझे नाव पाचवे होते. मी "हो" म्हटले. अहवाल सात विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला.

८. त्यानंतर मी पार्कात जाणे बंद केले. या वर्षी मार्चमध्ये परिषदेच्या कागदांत पिकेट यांच्या अपिलाची नोटीस आली. बावीस वर्षे नोकरी झालेल्या माणसाने लिहिले होते, की हुद्दा परत मिळाला नाही तरी चालेल, पण "स्वतःच्या मर्जीने" हे शब्द माझ्या सेवानोंदीतून काढा. दि. २० मार्च रोजी मी पार्कात गेले. पिकेट पानगळीचा कचरा यंत्राने उडवत होते. त्यांनी यंत्र बंद केले आणि विचारले, "या वर्षी ग्रॅनोला बार आले नाहीत, मिस नीला?" मी म्हटले, "मार्लन, तुम्ही माझं नाव का नाही सांगितलंत?" ते म्हणाले, "वाटलं होतं, तुम्ही सांगाल. मग वाटलं, नाही सांगणार." एवढे बोलून त्यांनी यंत्र पुन्हा सुरू केले. त्यांचा आवाज रागाचा नव्हता. रागाचा असता तर मला बरे वाटले असते, हे कबूल करते.

९. मी त्या महिनाअखेर आपल्याकडे पहिला अर्ज दिला. तो परत आला, कारण संगणकावरील तक्रारीच्या नमुन्यात तक्रारदार व प्रतिवादी या दोन्ही चौकटींत एकच नाव टाकल्यास तो पुढे सरकत नाही. आपण मला स्वतः ते करून दाखवलेत. चौकट लाल होत होती. दुसऱ्या अर्जात मी तक्रारदाराची जागा रिकामी ठेवली. तो निनावी ठरून परत आला. आपण सुचवलेत, की दुसऱ्या एखाद्या रहिवाशाची सही आणा.

मी सहा जणांकडे गेले. शेजारचे केदार म्हणाले, "वहिनी, एका बाकासाठी? यार, इथे लोक काय काय करून इलेक्शन जिंकतात." जिच्या सासूबाईंना चक्कर आली होती ती वैदेही म्हणाली, "मावशी, माझ्या सासूबाई रोज तुझं नाव घेतात त्या बाकावर बसून. मी कशी सही करू?" डावीकडच्या घरातील वृद्ध इटालियन गृहस्थांनी मला वाईनची बाटली दिली आणि त्या पार्कासाठी इतके चांगले काम कोणी केले नव्हते, असे सांगितले. परिषदेच्या अध्यक्षांना विचारले, तर ते म्हणाले, की कलम सतरा शेवटचे एकतीस वर्षांपूर्वी लावले होते आणि तेव्हाही ज्याच्यावर लावले तो सदस्य सुनावणीआधीच फ्लोरिडाला राहायला गेला. "सनद आहे ती, नीलांबरी. भिंतीवर छान दिसते."

एकनाथकाकांकडे मी शेवटी गेले. ते म्हणाले, "तुला निवडून आणायला मी एकशे चाळीस दारं ठोठावली, या गुडघ्यांनी. आणि आता तुझ्याविरुद्ध सही करू? आपल्यातली एक बाई तिथे बसली आहे, तर तिला आपणच उठवायचं?" मी त्यांना सांगितले नाही, की मी त्या खुर्चीत गेले वर्षभर कशी बसले आहे. आता ते वाचतीलच.

तिसऱ्या अर्जावर माझे पती विनय यांनी सही केली. ते म्हणाले, "करतो सही. पण वादी-प्रतिवादी एकाच घरात म्हटल्यावर सकाळचा चहा कोण करणार, ते आधी ठरव." नातेवाइकाची तक्रार सनदेच्या कलम बावीसनुसार ग्राह्य नसल्याने तोही परत आला. त्या दिवसापासून चहा मी करते.

१०. राजीनामा द्यावा, असे आपण, अध्यक्षांनी आणि विनय यांनी स्वतंत्रपणे सुचवले. तो मी मार्चमध्येच लिहून ठेवला आहे. देत नाही, याचे कारण कलम सतरा फक्त पदावरील सदस्याला लागू होते. मी गेले की चौकशी संपते. चौकशी संपली की सूचना माझी होती हे कागदावर कधीच सिद्ध होत नाही. आणि ते सिद्ध झाले नाही, तर श्री. पिकेट यांना त्याच कलमाचे संरक्षण मिळत नाही. मी सन्मानाने घरी जाईन आणि ते "स्वतःच्या मर्जीने" राहतील. पदाला चिकटून राहण्याची लाज वाटते. तरीही, ते काढून घेतले जाईपर्यंत मला ते धरून ठेवणे भाग आहे.

११. सनदेत "रहिवासी" या शब्दाची व्याख्या कलम चारमध्ये आहे: गावात सलग एक वर्ष राहणारी प्रौढ व्यक्ती. सदस्य होण्यासाठी आधी रहिवासी असावे लागते. म्हणून प्रत्येक सदस्य रहिवासी असतो. कलम सतराखालील तक्रार "कोणत्याही रहिवाशाला" करता येते. सदस्याला स्वतःविरुद्ध ती करता येणार नाही, असे सनदेत कोठेही नाही. मी चार वेळा शोधले. अडचण सनदेत नसून संगणकाच्या एका चौकटीत आहे, आणि कागदी अर्जाला चौकट नसते.

१२. श्री. पिकेट यांच्या अपिलाची सुनावणी, दोनदा पुढे ढकलली जाऊन, परवा गुरुवारी, दि. २६ जून रोजी आहे. त्या दिवशी निर्णय झाला की तो अंतिम असेल. त्याच विषयावर कलम सतराची तक्रार सुनावणीच्या दोन दिवस आधी, दुपारी बारापूर्वी दाखल झाली, तर अपील थांबते आणि आधी तक्रारीचा निकाल लागतो. ती वेळ आज दुपारी बारा वाजता संपते.

तरी विनंती, की हा अर्ज तक्रार म्हणून दाखल करून घ्यावा, माझ्यावर कलम सतरानुसार सुनावणी ठेवावी, त्या सुनावणीत मला मत देऊ देऊ नये, आणि दि. १३ जून २०२४ रोजी मी दिलेले मत चुकीच्या माहितीवर नव्हे, तर खरी माहिती असताना दिले होते, अशी नोंद करावी. सौम्य कारवाईची विनंती मी करत नाही. माझ्या प्रामाणिकपणाची नोंदही घेऊ नये. त्याला चौदा महिने उशीर झाला आहे.

आपली नम्र, आणि या प्रकरणातील दोन्ही पक्ष,

नीलांबरी विनय सरपोतदार
(तक्रारदार)

नीलांबरी विनय सरपोतदार
(प्रतिवादी)

हॅझलब्रुक, दि. २४ जून २०२५

सोबत:
अ) माझ्या फोनची दि. २३ एप्रिल २०२४ ची नोंद. पिकेट यांच्याशी बोलणे एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद.
आ) दि. ९ मे व १३ जून २०२४ च्या सभांची इतिवृत्ते.
इ) जुन्या व नव्या जागेचा मोजमापांसह हाताने काढलेला नकाशा.
ई) राजीनामा, बंद पाकिटात. सुनावणीचा निकाल लागेपर्यंत उघडू नये.

शपथेची नोंद
(तक्रार शपथेवर असावी व शपथ कशी झाली ते तक्रारदाराने स्वहस्ते लिहावे, या आपल्या सूचनेनुसार, आपल्याच काउंटरवर बसून.)

वरील अर्ज मी आज सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी दिला. भाषांतरासाठी श्री. पेंडसे यांना बोलावण्यात आले. ते पावणेअकराला आले. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून त्यांनी सर्व पाने वाचली. त्यांना सत्तावीस मिनिटे लागली. चौथा परिच्छेद त्यांनी दोनदा वाचला.

मग ते माझ्याजवळ आले आणि मराठीत म्हणाले, "नीला, तारीख मागून घे. हवं तर मी आजारी पडतो." मी म्हटले, "काका, तुम्ही आजारी नाही आहात." ते म्हणाले, "या वयात सिद्ध करायला कितीसा वेळ लागतो?" मग त्यांनी विचारले, "मार्लनच्या वेळी तू तिथेच बसली होतीस?" मी "हो" म्हटले. त्यांनी चष्मा पुसला आणि काउंटरकडे वळले.

आपण हात वर करायला सांगितलेत. मी उभे राहून मोठ्याने सांगितले: "बाक हलवायला मार्लन पिकेट यांना मी सांगितलं. कोणी सांगितलं असं त्यांना विचारलं, तेव्हा मी समोर बसले होते आणि गप्प राहिले. त्यांना शिक्षा द्यायच्या बाजूने मी मत दिलं." आवाज मध्येच बारीक झाला, आपण पुन्हा सांगायला सांगितलेत, आणि मी पुन्हा सांगितले. काकांनी एकेक वाक्य इंग्रजीत केले. एकही शब्द वगळला नाही. नंतर ते स्वतःहून म्हणाले, "आणि बाक सावलीत घ्यायची कल्पना माझी होती, तेही लिहा." आपण सांगितलेत, की भाषांतरकाराला स्वतःची भर घालता येत नाही, वेगळा अर्ज करावा. त्यांनी नमुना मागून घेतला. ते आता माझ्या शेजारी बसून तो भरत आहेत.

आपण अर्ज हातात घेतलात. संगणकाचा पडदा आपण भिंतीकडे वळवलात. खणातून कागदी नोंदवही काढलीत, तिच्यावरची धूळ बाहीने पुसलीत, आणि दोन्ही रकान्यांत एकच नाव लिहिलेत. अकरा वाजून बेचाळीस मिनिटे झाली होती. आपण मान वर न करता म्हणालात, "दाखल करून घेतलं. गुरुवारी आधी तुम्ही. मिस्टर पिकेट यांचं अपील थांबवते."